आप्पांनी न उघडलेले डबे

आमच्या गल्लीतले गिरणीवाले आप्पा गिऱ्हाइकाच्या डब्याचं झाकण कधी उघडत नसत. मागे बायकांची रांग खोळंबलेली असली तरी "ताई, झाकण तुमीच काढा की," हे ठरलेलं. एकदा मी चिडून म्हटलं, "आप्पा, आत काय नाग ठेवलाय का मी?" ते हसले. "दुसऱ्याच्या दाण्यात हात घालू नये, बाई. लई पाप लागतं." म्हातारा जरा चक्रम आहे, असं ठरवून मी मोकळी झाले.

आप्पा मूळचे वैरागकडचे. कोरडवाहू तुकडा आणि खाणारी तोंडं भरपूर, म्हणून तरुणपणी निमलष्करी दलात भरती झाले. बरीच नोकरी दूरच्या एका जंगलात झाली. तिथे बंदूकवाल्या टोळ्या आणि सरकार यांच्यात वर्षानुवर्षं धुमश्चक्री चाललेली. एका दुपारी वीज गेली, गिरणी थांबली, आणि ते आपणहून बोलू लागले.

"बाजाराच्या वाटंवर आमचा तपासणीचा नाका व्हता. चार दिसांपेक्षा जास्त पुरंल इतका तांदूळ कुणी न्यायचा न्हाय, असा हुकूम. का, तर जंगलातल्यांना पोचतो म्हणं. एका बाईनं लेकीच्या लग्नाला तांदळाचं गाठोडं आणलेलं. मी गाठ सोडली आन सगळं वतलं चिखलात. तिचा पोरगा नुसता बघत व्हता."

पुढे तो पोरगा जंगलातल्या टोळीतच गेला. तिथे भात तरी मिळतो, असं आई म्हणायची. वर्षाच्या आत त्याचं प्रेत नाक्यावर आलं.

"त्यो भातासाठी गेला, मी भाकरीसाठी गेलतो. फरक काय सांगू तुमाला?"

वीज आली तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी त्यांची थोरली मुलगी वैशाली त्याच दलात निवडली गेली. गल्लीने पेढे वाटले, मीही हार घातला. आप्पा मात्र गिरणी बंद करून बसले. "जाऊ नको," एवढंच म्हणाले. पोरगी तोंडाची फटकळ.

"आप्पा, घरोघरी पिशवीतलं आयतं पीठ आलंय. गिरणीला गिऱ्हाईक उरलंय का? धाकट्याचं शिक्षण कशावर करायचं?"

माझ्याही स्वयंपाकघरात तीच पिशवी होती. मी मान खाली घातली.

ती ट्रेनिंगला निघाली तेव्हा मी सोलापूर स्टेशनवर सोबत गेले. आप्पांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं गाठोडं खिडकीतून आत दिलं, पण हात तिथेच घुटमळला.

"वैशे, तुला बी कुणाचं तांदूळ वतायला सांगतील. वतू नको म्हणत न्हाय मी, नोकरी जाईल. पण मग खाली बस, आन तिला दाणं येचू लाग."

"तुमी लागला व्हता का, आप्पा?"

आप्पांनी खिडकीचा गज घट्ट धरला.

"न्हाय," ते म्हणाले. "मी बंदूक घिऊन उभा व्हतो."