एकोणिसावी खोली

फोन आला तेव्हा मी नकाशावर पट्टी धरून बसलो होतो. पलीकडून मेधा, माझी बायको, म्हणाली, "भावोजी गेले हो. आत्ताच. मी जवळच होते." मी "बरं" म्हटलं, हातातली रेघ पुरी केली, पेनाला टोपण लावलं आणि उठलो. मोजणी खात्यात चोवीस वर्षं काढली की हात असा होतो. रुग्णालय आमच्या कचेरीपासून दहा मिनिटांच्या वाटेवर आहे. त्या दहा मिनिटांत मला रडू आलं नाही. एक प्रकारचं हलकं वाटलं, आणि लगेच त्या हलकं वाटण्याची लाज वाटली. त्याला आता सात आठवडे होतील. दिवसांना आलेली माणसं एकामागून एक म्हणत होती, सुधीर, सख्ख्या भावाने केलं नसतं एवढं केलंस. मी मान हलवत होतो. हा लेख त्या मान हलवण्याबद्दल आहे असं समजा. गेलेल्या माणसाविषयी चांगलं लिहायचं तर माझ्याविषयी खरं लिहिल्याशिवाय ते जमणार नाही.

भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. मूळचे नाटे गावचे, होड्या बांधणाऱ्या सुतारांच्या घरातले. लाकडावर हात चांगला, पण पाण्यावर गेले की ओकाऱ्या. त्यांचे वडील म्हणायचे, याला होडी बांधून द्या, पण किनाऱ्यावरच बसवून ठेवा. तसंच झालं म्हणायचं. ते रत्नागिरीत आले आणि गावातल्या जुन्या राजवाड्यावर शिपाई म्हणून लागले ते एकतीस वर्षांनी, १९९८ साली, तिथूनच निवृत्त झाले. शाल-श्रीफळ मिळालं. शिवाय ज्या स्टुलावर ते दिवसभर बसायचे ते मोडीत निघालं होतं, ते त्यांनी मागून घेतलं आणि घरी आणून त्याचा पाय नीट केला. पुढल्याच वर्षी ताई गेली. मूलबाळ नव्हतं. दोन वर्षं एकटे राहिले, हाताने भात-पिठी करून खात होते. मग साखरेने डोळे धरले आणि मी त्यांना आमच्याकडे घेऊन आलो. एक ट्रंक आणि ते स्टूल, एवढं सामान.

चांगला माणूस सांभाळणंसुद्धा थकवतं, हे कोणी लिहीत नाही. भावोजींचा त्रास असा काहीच नव्हता. पण दिवसातून चार वेळा डोळ्यांत थेंब, महिन्याला डॉक्टर, पथ्याचं वेगळं, आणि कचेरीतून आल्यावर चप्पल काढतो न काढतो तोच, "आलास? आज भाट्याकडे वारा होता का?" मी भाट्याच्या किनाऱ्याकडे गेलेलोच नसायचो. त्यांना बोलायला माणूस हवं असायचं आणि मला संध्याकाळी कोणी बोलू नये असं वाटायचं.

त्यांच्या पाकिटात राजवाड्याचं एक जुनं तिकीट होतं. त्याच्या पाठीवर पेन्सिलीने एक वर्तुळ, वर्तुळाच्या कडेने कठडा आणि कठड्यावरून वाकलेली टिकलीएवढी डोकी. खाली इंग्रजीत एका राजवाड्याचं नाव. एकदा एक परदेशी म्हातारा राजवाडा पाहायला आला आणि पावसामुळे जिन्यात अडकला. बरोबरचे प्राध्यापक अर्थ सांगत होते. त्याने तिकिटावर ते चित्र काढून भावोजींना सांगितलं की आमच्याकडच्या एका राजवाड्यात राजाच्या शेजघराच्या छतावर गोल आकाश रंगवलंय, आणि त्या आकाशातून खाली वाकून बघणारे लोक देव नाहीत, राजे नाहीत, त्या घरचे नोकर आहेत. राजा बिछान्यावर पडायचा आणि नोकर वरून त्याच्याकडे बघून हसायचे. भावोजींनी ही हकिगत आम्हाला किती वेळा सांगितली असेल... "नोकराचं चित्र, सुधीर. तेही राजाच्या डोक्यावर. आपल्या इथे माझा फोटो ऑफिसातसुद्धा नाय." 

२००३ मध्ये केतकीसाठी, म्हणजे माझ्या मुलीसाठी, आम्ही संगणक घेतला. पुण्याला शिकायला जायच्या आधी तिनेच त्या तिकिटावरचं नाव इंटरनेटवर घालून तो राजवाडा शोधून काढला. आत एक नकाशा होता, खोल्यांना आकडे दिलेले. आकड्यावर टिचकी मारली की खोली उघडायची, माउस ओढला की ती गोल फिरायची, खाली इंग्रजीत चार ओळी. एकोणीस खोल्या. ते शेजघर अगदी शेवटी. केतकी म्हणाली, "काका, डायरेक्ट एकोणीसवर जाऊया?"

"छे. मधूनच उडी मारायची नाय," भावोजी म्हणाले. "दारातून शिरायचं. एकेक खोली बघत जायचं. एवढं त्यांनी मांडून ठेवलंय ते कशाला?"

केतकी पुण्याला गेली आणि दर रविवारी संध्याकाळी हे काम माझ्याकडे आलं. भावोजी धुतलेला सदरा घालायचे, स्टूल संगणकाच्या डाव्या बाजूला ठेवायचे आणि खोलीच्या दाराशी चपला काढायचे. मी म्हटलं, "भावोजी, घर आपलंच आहे." तर म्हणाले, "घर तुझं. खोली त्यांची ना?" तेव्हाचं ते फोनच्या तारेवरचं इंटरनेट. आधी किरकिर, मग शिट्ट्या, मग चित्र वरून खाली पट्ट्यापट्ट्याने उतरायचं. भावोजींना ते आवडायचं. "सारवल्यासारखं येतंय बघ." मेधा आतून ओरडायची, "राजवाडा उघडला वाटतं. चहा आणू की तिकीट काढू?" आणि भावोजी गंभीरपणे सांगायचे, "चहा बाहेर. आत खायचं-प्यायचं नाय."

त्यांच्यासारखं बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ते पडद्याला नाक लावून बसायचे, कारण डावा डोळा जवळजवळ गेलेला आणि उजव्याला मधोमध डाग. पण दिसेल तेवढ्यात त्यांना सगळं कळायचं. भिंतीवरच्या एका राजाकडे बघून म्हणाले, "तोंड बरं काढलंय. हात बघ पण. हाताशी येईपर्यंत चितारी दमला." दुसऱ्या खोलीत भिंतभर विणलेला पडदा होता, शिकारीचा. मी खालच्या ओळी वाचून अर्थ सांगितला तर यांचं लक्ष खिडकीकडे. "ऊन पडतंय त्याच्यावर. रंग उडणार. कोणाची ड्यूटी आहे?" मी घाईने माउस ओढला की म्हणायचे, "हळू. पाहुण्यांना चक्कर येईल." आणि प्रत्येक खोलीत ते एक गोष्ट शोधायचे. कोपऱ्यातली शिपायाची खुर्ची. ती कुठे ना कुठे असायचीच, पडद्यामागे, खांबाशेजारी, साधी, लाकडी. ती सापडेपर्यंत आम्ही पुढे जात नसू. "ती बघ. रिकामी आहे, म्हणजे गडी चहाला गेलाय. चल, तो यायच्या आत पुढची बघू."

रविवारी एक खोली, फार तर दोन. मधे केतकीचा फोन यायची वेळ झाली की तार सोडावी लागायची. कधी वीज जायची. कधी मी मुद्दाम उशिरा घरी यायचो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, उजव्याची खात्री नाही, बघायचंय ते बघून घेऊ द्या. हे मला माहीत होतं. ते ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मी ठेवत नाही.

अठरावी खोली झाली त्याच्या पुढल्या रविवारी भावोजी जेवण झाल्यापासूनच तयार होते. तिकीट पाकिटातून काढून मांडीवर ठेवलेलं. मी सुट्टी असूनही दुपारभर एका बागेच्या हद्दीच्या भांडणात उन्हात उभा राहून आलो होतो, दोन्हीकडच्या शिव्या खाऊन. तार दोनदा जोडली, दोनदा तुटली. तिसऱ्यांदा एकोणीसवर टिचकी मारली. पांढरा पडदा, वर एक निळी पट्टी उमटायला लागली... आणि मला एकदम असं वाटलं की आता हे छत, ते आकाश, ती डोकी, त्यातला एकेक माणूस, आणि मग खुर्ची, आणि मग परत पहिल्यापासून... मी ते बंद केलं. म्हणालो, "बंद आहे हो भावोजी. दुरुस्तीसाठी बंद, असं लिहिलंय."

त्यांना इंग्रजी येत नव्हतं. पडद्याकडे बघत ते थोडा वेळ बसले. मग म्हणाले, "असेल. छताचं काम म्हणजे परांची बांधावी लागते. घाई करून नाय चालत." तिकीट परत पाकिटात ठेवलं, स्टूल उचललं, चपला घातल्या.

पुढच्या रविवारी विचारलं, "उघडली का रे?" तेव्हा "हो" म्हणायला काय लागत होतं? काहीच नाही. पण आदल्या रविवारी मला संध्याकाळ मोकळी मिळाली होती. मी गॅलरीत नुसता बसलो होतो, अडीच-तीन वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, "नाही अजून." खरं कारण एवढंच आहे. याच्यामागे दुसरं काही मोठं दुःख वगैरे नव्हतं. मला माझा रविवार हवा होता.

असे सात-आठ रविवार गेले. मग पावसाळ्यात वीज कडाडली आणि मोडेम जळाला. मी तो दुरुस्त करायला तीन महिने लावले. गणपतीत भावोजी आरतीला उभे राहिले ते मखराकडे पाठ करून. मेधाने हाताला धरून त्यांना वळवलं. ते हसून म्हणाले, "चालतंय गो. देवाला कळतं तोंड कुठे आहे." त्यानंतर त्यांनी खोलीचं विचारणं सोडलं. त्यांना खिडकी कुठे आहे तेवढं कळत होतं. मी वर्णन करून सांगू शकलो असतो. पण त्यासाठी आधी खोली उघडी होती हे सांगावं लागलं असतं.

शेवटचं आमचं बोलणं झालं ते रुग्णालयात, ते जायच्या चार दिवस आधी. दुपारची वेळ होती. मी खुर्चीवर पेंगत होतो. भावोजी छताकडे तोंड करून पडले होते. ते मला हाक न मारताच बोलायला लागले.

"एक बाई आली होती एकदा. मिरजेहून. काठी टेकत. राजवाड्याच्या वरच्या मजल्यावरची खिडकी बघायची होती तिला, रंगीत काचांची. तिच्या नवऱ्याने ती कधीतरी दुरुस्त केली होती. तो गेला होता. मला म्हणाली, दाखवता का? मी म्हटलं, वरचा मजला बंद आहे, काम चालू आहे."

"मग, असेल ना काम चालू," मी म्हटलं.

"नव्हतं. माझे गुडघे दुखत होते. तिच्याबरोबर वर चढायला लागलं असतं, दर पायरीला थांबत. म्हणून म्हटलं बंद आहे." ते थांबले. "परत येईन म्हणाली. नाय आली."

मी सलाइनचे थेंब मोजत होतो.

"शिपायाला माहीत असतं, सुधीर," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट मला समजावत असल्यासारखे बोलले. "कुठली खोली खरंच बंद आहे, नि कुठली नाय."

त्यांनी दार उघडून धरलं होतं. मी नुसतं आत जायचं होतं. "चुकलो भावोजी" एवढे दोन शब्द, आणि मग त्या छताबद्दल काय आठवतंय, निळी पट्टी तरी. मी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली आणि म्हटलं, "झोपा आता. जास्त बोलू नका." त्यांनी "बरं" म्हटलं. ते आज्ञाधारक माणूस होते.

एकोणिसाव्या खोलीत मी दिवस झाल्यानंतरच्या रविवारी गेलो. संध्याकाळी, एकटाच. पहिल्या दारापासून शिरलो, मधे उडी मारली नाही. अठरा खोल्यांत अठरा खुर्च्या शोधल्या, एक सापडायला फार वेळ लागला, ती घड्याळाच्या मागे होती. मग एकोणीसवर टिचकी मारली आणि हात मांडीवर ठेवून बसलो. निळं आधी आलं. मग ढग. मग कठडा. मग माणसं. डोक्याला फडकं बांधलेली एक बाई, तिच्या शेजारी हसणाऱ्या दोघी, हनुवटी कठड्यावर टेकून कंटाळलेला एक गडी. आणि कठड्याच्या अगदी कडेला एक झाडाची कुंडी, नुसत्या काठीवर तोललेली, आत्ता पडेल अशी. तीन-चारशे वर्षं पडलेली नाही. भावोजींनी पहिली ती कुंडीच आत घ्यायला सांगितली असती. त्या सगळ्यांचे हातसुद्धा नीट काढलेले आहेत. चितारी दमला नव्हता.

केतकीचा फोन आला नाही, कारण तार अडकलेली होती. नऊनंतर लागला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, इतका वेळ एंगेज का? मी घाबरले." मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आईला माहितीये?" त्या रात्री मेधालाही सांगितलं. आणि आता तुम्हाला.

स्टूल अजून संगणकाच्या डाव्या बाजूला आहे. मेधा केर काढताना उचलते आणि पुन्हा तिथेच ठेवते. मी त्यावर बसत नाही. रविवारी खोली उघडतो, हळू फिरवतो, पाहुण्यांना चक्कर येऊ नये इतकी हळू. पण ती खुर्ची काही मला सापडलेली नाही. भिंतीच्या कडेने, शेकोटीपाशी, दाराच्या आड, सगळीकडे पाहिलं. साऱ्या राजवाड्यात या एकाच खोलीत शिपायाची खुर्ची नाही. भावोजींनी काय विचारलं असतं ते मला माहीत आहे. स्टुलावर पुढे वाकून, नाक पडद्याला लावून त्यांनी विचारलं असतं, "मग ही उघडतो कोण?"