नाक वर करून चालणारी बोट

निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडांत रमतात, निदान भाजी तरी आणतात. आमच्या ह्यांनी बोट घेतली. मासे धरायची, लांबट, बुटकी, मागे मोटर बसवलेली. आम्ही दोघंही मासे खात नाही. गळाला लागलेला मासा हे चिमट्यानं सोडवून परत पाण्यात टाकतात आणि घरी येईपर्यंत हात धूत राहतात. अशा माशांपर्यंत पोचायची एवढी घाई कशाला, हे मला अजून कळलेलं नाही.

बोटीचं दुखणं एकच होतं. वेग वाढवला की ती नाक वर करायची, मागचा भाग पाण्यात रुतायचा, आणि पाण्यावर उठून सपाट धावायला लागेपर्यंत माझा अर्धा डबा खाऊन व्हायचा. एका रविवारी मुट्टुकाडूच्या खाडीच्या धक्क्यावर शेजारच्या बोटवाल्या गृहस्थांनी ह्यांना तमिळमध्ये विचारलं, ही बोट आहे की तेप्पम? तेप्पम म्हणजे आमच्या मैलापूरच्या तळ्यात देवाला बसवून फिरवतात तो तराफा. हे तापले. दसऱ्यानंतरच्या रविवारी धक्क्यापासून खाडीवरच्या पुलापर्यंत पोचायच्या आत बोट पाण्यावर उठली नाही तर विकून टाकेन, असं तिथल्या तिथे जाहीर करून बसले. मला मनातून आनंद झाला. रविवारची संध्याकाळ गाण्याच्या सभेत मैफल ऐकण्यात घालवून किती दिवस झाले होते.

मग घराचा कारखाना झाला. मोटरच्या टोकाला पाण्यात फिरणारा, कमी पिळाच्या पात्यांचा नवा पंखा आला. पीळ कमी असला की शेवटचा वेग थोडा घटतो, पण सुटताना जोर मिळतो, हे मी पोळ्या लाटताना इतक्यांदा ऐकलं की झोपेतही सांगू शकले असते. दसऱ्याला तो पंखा चंदन-कुंकू लावून देवांशेजारी बसला. मोटर जरा वर उचलून बसवली, तर पंखा पाण्याऐवजी हवा कापायला लागला आणि मोटर नुसतीच किंचाळली. पुन्हा थोडी खाली घेतली. ह्यांचा जन्म रणगाड्यांच्या कारखान्यात गेलेला, त्यामुळे जाडजूड लोखंडाशिवाय ह्यांचा कशावर विश्वास नाही. बोटीच्या मागच्या टोकाला हत्यारांची पेटी आणि दोन बॅटऱ्या होत्या. जड मनानं त्याही पुढे हलवल्या. फरक पडला, पण पुरेसा नाही.

आता मागून पुढे हलवण्यासारखं एकच वजन उरलं होतं. ते ह्यांच्या शेजारी डबा घेऊन बसायचं. मी तसं विचारलंही. हे म्हणाले, तुझा काही संबंध नाही, आणि विषय पंख्यावर नेला.

ठरलेल्या रविवारी शेजारचे गृहस्थ धक्क्यावर हाताची घडी घालून उभेच होते. ह्यांनी वेग वाढवला. बोट नेहमीपेक्षा चपळ निघाली, पण नाक वरच. पूल जवळ येत होता. ह्यांचा चेहरा मला बघवेना. एवढ्या खटपटीनंतर हा माणूस घरी बसून काय करणार, असं मनात आलं. सभेचं गाणं कुठल्या कुठे गेलं. मी डबा ठेवला, कठड्याला धरून ओणव्यानं सरकत पुढे गेले आणि नाकावर ठाण मांडून बसले.

बोट खाली आली, सपाट झाली आणि सुसाट सुटली. आम्ही पुलाखालून गेलो तेव्हा वाऱ्यानं माझे डोळे मिटले होते.

पलीकडे गेल्यावर ह्यांनी वेग एकदम कमी केला. मला वाटलं, आता माझ्या अकलेचं कौतुक होणार.

"जिंकलो ना? मग आता मागे ये," हे म्हणाले. "तिथं बसलीस तर मी बोलू कुणाशी?"

मी मागे गेले. परतताना बोटीनं लगेच नाक वर केलं. शेजारच्या गृहस्थांची बोट आम्हाला मागे टाकून निघून गेली. ह्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. कमी पिळाच्या पंख्याचा फायदा काय, हे मला पहिल्यापासून समजावून सांगण्यात ते गुंतले होते.