कुल्याशच्या घोडीचं दूध

कुल्याशच्या हातच्या कुमीसला अख्ख्या कझाक माळावर तोड नव्हती. घोडीचं दूध कातडी बुधल्यात आंबवायचं आणि घुसळायचं, हे काय कुणीही करतं. पण छातीचे रोगी सत्तर कोसांवरून यायचे ते हिच्याच दारी, महिनाभर राहायचे आणि गालांवर रंग घेऊन परत जायचे. म्हातारीला त्याचा तोरा होता. असावाच.

अंतराळयान आभाळात गेलं की त्याचं रिकामं झालेलं बूड, म्हणजे खालची इंधनाची टाकी, या माळावर येऊन आदळायचं. आधी अधिकारी सह्या घ्यायला यायचे आणि सांगायचे, दोन तास घर सोडून लांब जा. लांब म्हणजे कुठे? चहूकडे तोच माळ! बुडात उरलेलं जहरी इंधन मातीत झिरपायचं, त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नसे. माणसंही शहाणीच. पत्रा गंजत नाही म्हटल्यावर ज्याने त्याने तोडून घरी आणला. कुल्याशच्या नवऱ्याने त्याची घोड्यांना पाणी पाजायची डोण केली आणि वर मिशीला पीळ देत म्हणाला, "खानाच्या घोड्यांनी तरी असलं भांडं पाहिलं होतं का?" तीन वर्षांत पिवळा पडून गेला बिचारा. डॉक्टर म्हणे, दारू. त्याने जन्मात दारूला हात लावला नव्हता! कुल्याशने ती डोण ओढत नेऊन दरीत लोटली.

पण यंदा वसंतात नवं बूड पडलं ते नेमकं झऱ्याच्या वरच्या अंगाला, आणि झरा काही दरीत लोटता येत नाही. घोड्या तेच पाणी प्यायच्या. घरात सून मार्झान गरोदर. आधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्हीदा पोर हाती लागलं नव्हतं. या खेपेला कुल्याश रोज सकाळी तिला ताज्या दुधाच्या दोन वाट्या पाजत होती, आणि जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. शेवटी ती स्वतः तालुक्याला गेली, साहेबांच्या टेबलावर हात आपटला आणि दूध, पाणी, माती तपासायला लावलं. "निकाल येईपर्यंत खुशाल पाजा, आजी," साहेब हसून म्हणाले.

निकाल आला अडीच महिन्यांनी. प्रयोगशाळेतली झादिरा नावाची पोरगी गाडीतून तो घेऊन आली. वडीलधाऱ्या बाईला इथे अपा म्हणतात, तसं तिनेही म्हटलं.

"अपा, सगळं मर्यादेत आहे. दूध, पाणी, माती, सगळं."

"जीव भांड्यात पडला गं पोरी!" कुल्याशने तिचा मुका घेतला, घाईघाईने कापड अंथरलं, गरम रोटी ठेवली, वाटीभर कुमीस ओतला. मार्झानही स्वतःची दुधाची वाटी घेऊन शेजारी टेकली.

झादिरा उभीच. "निघते, अपा. उशीर होतोय."

समोर मांडलेल्या रोटीचा घास न मोडता कझाकाच्या दारातून कुणी जात नाही. वैरीसुद्धा चिमूटभर तोंडात टाकून मग भांडतो.

"घोड्यावरचा माणूससुद्धा वाकून तुकडा मोडतो, तुझ्या गाडीला कसली एवढी घाई? आईने शिकवलं नाही का गं?"

"शिकवलंय, अपा."

"मग मोड की!"

पोरीचे कान लाल झाले. "आम्हाला नियम आहे. या पट्ट्यात काही खायचं-प्यायचं नाही. पाणीसुद्धा शहरातून आणतो."

"कशाला असला नियम?"

"आमच्या जिवासाठी."

"आणि हा कागद?"

"तो तुमच्यासाठी आहे, अपा."

कुल्याशने सुनेच्या हातातली वाटी हिसकली आणि दारात उपडी केली. दूध जमिनीवर सांडणं म्हणजे पाप. साठ वर्षांत तिने थेंब वाया जाऊ दिला नव्हता.

"आत्ता ओतून काय होणार?" मार्झानचा आवाज चिरकला. "रोज तुम्हीच पाजलंत, अपा."

कपाळावर हात मारून म्हातारी तिथेच बसली.

झादिरा गाडीकडे पळाली आणि पाण्याचा कॅन घेऊन आली. अर्धाच भरलेला होता. तो मार्झानसमोर ठेवून ती हलक्या आवाजात म्हणाली, "हेच पी. झऱ्याचं पिऊ नकोस."

मार्झानने कॅन उचलून हलवून पाहिला. काटकसर केली तर दोन दिवस जाणार होते. बाळाला यायला अजून तीन महिने होते.