चौथा चमचा

विनायकराव चांदूरकरांना सगळं दुरुस्त करता येतं, असा साकेत नगरातल्या निदान तीन गल्ल्यांचा समज होता, आणि खुद्द विनायकरावांचा तर त्याहून जास्त. मिक्सर आणा, गीझर आणा, शेजारच्या अपर्णाबाईंचं शिलाई मशीन आणा. आयुष्यभर भोपाळच्या मोठ्या कारखान्यात फिटर होता हा माणूस, आणि सत्तरी ओलांडली तरी हाताची खाज जात नव्हती. पण घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक गाडी वीस वर्षं पडून होती, तिच्याकडे मात्र ते ढुंकून बघत नसत. कुणी विचारलंच तर म्हणत, "तो विषय बंद." आणि तेव्हाचा त्यांचा चेहरा बघून पुन्हा विचारायची कुणाची टाप नव्हती.

गाडी काही साधीसुधी नव्हती हो. दोन सीटची, टप उघडणारी, लाल ट्रायम्फ. कारखाना उभा राहत होता तेव्हा कुणी इंग्रज इंजिनिअर ती घेऊन आला आणि जाताना इथंच टाकून गेला. मग या साहेबाकडून त्या साहेबाकडे फिरत ती श्यामला हिल्सच्या एका बंगल्यात आंब्याखाली सडत पडली. तिथून तिला ओढून आणली परीक्षितनं. परीक्षित म्हणजे विनायकरावांचा एकुलता एक. पोरगा शिकून इंजिनिअर झाला, पण हात बापाचेच घेऊन आला होता. बापलेकांनी दोन वर्षं तिच्यात डोकं घातलं. तिचं पुढचं अख्खं नाक पेटीच्या झाकणासारखं पुढे उलटायचं, आणि दोघं दोन बाजूंनी इंजिनावर वाकून भांडायचे. मालतीबाई चहा घेऊन यायच्या आणि तो गार होईस्तोवर तिथंच उभ्या राहायच्या. ज्या दिवशी गाडी चालू झाली, त्या दिवशी परीक्षित आईला शेजारी बसवून थेट तुलसी नगरला घेऊन गेला.

तुलसी नगरला, कारण त्यांचं मूळ भोपाळ ते. विनायकरावांचे वडील नागपूरच्या सचिवालयात कारकून. राजधानी भोपाळला हलली तेव्हा फायलींबरोबर कारकूनही हलले, आणि सरकारी क्वार्टर मिळालं. मालतीबाई वर्ध्याहून लग्न होऊन आल्या त्या त्याच क्वार्टरात, आणि परीक्षित रांगायला लागला तोही तिथल्याच फरशीवर. घर पुढे बदललं, मराठीत हिंदी मिसळली, पण स्वयंपाकघर वर्ध्याचंच राहिलं. जवसाची चटणी हवीच, आणि माहेरून येणारं घाण्याचं जवसाचं तेल हे या घरातलं सगळ्यात लाडकं तेल. पाहुण्यांना ते वाढतानाही मालतीबाईंचा हात जरा आखडता व्हायचा.

मग एका पावसाळ्यात परीक्षितला ताप आला आणि तो मेंदूत गेला. आठवड्याच्या आत सव्वीस वर्षांचं पोर हातचं गेलं.

विनायकराव घाटावरून आले ते सरळ मागच्या अंगणात. शेडला कुलूप घातलं, किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली आणि मालतीबाईंना म्हणाले, "या घरात त्या गाडीचं नाव काढायचं नाही." रडले का विनायकराव? नाही. लोक म्हणाले, काय धीराचा माणूस! कसला धीर? आतून पार चिरडला होता आणि कुणाला हात लावू देत नव्हता.

मालतीबाईंनी गाडीचं नाव काढलं नाही, पण वर्षातून एकदा ती किल्ली खिळ्यावरून काढली. तो दिवस खंडेनवमीचा, दसऱ्याच्या आदल्या दिवसाचा. हत्यारांची आणि यंत्रांची पूजा करायची, त्यांना विश्रांती द्यायची. विनायकराव पाने, पकडी, हातोडे पाटावर मांडून पुढच्या खोलीत पूजा करायचे. तेवढ्यात मालतीबाई एक वाटी आणि चमचा घेऊन मागं जायच्या. वाटीत तेल असायचं. विनायकरावांना वाटायचं, दिवा लावत असेल बिचारी. शेडचं दार करकरलं की ते टीव्हीचा आवाज वाढवायचे. अशी वर्षांमागून वर्षं गेली.

गेल्या वर्षी मालतीबाईंच्या किडन्यांनी हात टेकले. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. वैशाखातल्या एका दुपारी दवाखान्यातून परतताना, रिक्षात, त्या अचानक म्हणाल्या, "अहो, परीक्षितची गाडी एकदा चालू करा. मला तीत बसून तुलसी नगरला जायचंय."

विनायकराव कसंबसं म्हणाले, "काय उरलं असेल तिच्यात?"

"उरलंय. इंजिन मी मरू दिलेलं नाही."

"म्हणजे?"

"तो पावसाळाभर गाडी उभी ठेवायचा ना, तेव्हा चारी प्लग काढून आत एकेक चमचा तेल घालायचा आणि इंजिनाचा पंखा हातानं फिरवायचा. आतून गंज चढत नाही म्हणायचा. मला शिकवलं होतं त्यानं. मी दर खंडेनवमीला घालते. अलीकडे पंखा फिरत नाही, पण माझ्याच हातात आता जोर राहिला नाही."

विनायकराव रिक्षाबाहेर बघत राहिले. बायको वीस वर्षं दिवा लावत नव्हती, फिटरचं काम करत होती, आणि नवरा पुढच्या खोलीत बातम्या ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शेड उघडली. गाडीवर धुळीचा थर होता, पण इंजिनावर नव्हता. ते पुसलेलं होतं, आणि त्यावर जुन्या कुंकवाचे डाग होते. त्यांनी पंखा फिरवून पाहिला. हलेना. पाना लावून जोर केला. छे! मग पहिला प्लग काढला. त्याच्या टोकाला मधाच्या रंगाचं काहीतरी चिकट, घट्ट साचलं होतं. विनायकरावांनी तो नाकाशी नेला. वास रोजच्या ताटातला होता.

फळीवर परीक्षितचा इंजिन ऑइलचा डबा होता. कधीचाच रिकामा, बूड गंजलेला. दोनतीन वर्षांतच संपला असणार तो. मग बाईनं विचारायचं कुणाला? ज्याला विचारायचं, त्यानं विषय बंद करून ठेवला होता. तिनं आपल्या मनानं घरातलं सगळ्यात चांगलं तेल मुलाच्या इंजिनात घातलं. आणि जवसाचं तेल तर हवेवर सुकतं, लाखेसारखं कडक होतं, म्हणूनच सुतार ते लाकडाला चोपडतात. भोपाळच्या इतक्या उन्हाळ्यांनी ते आत भाजून काढलं होतं.

विनायकरावांनी काय नाही केलं! रॉकेल ओतून ठेवलं, डिझेल ओतून ठेवलं, आठवडाभर रोज मनातल्या मनात हात जोडले. शेवटी लाकडी ठोकळा ठेवून हातोडा घातला. पिस्टन फुटला आणि बरोबर सिलिंडरच्या भिंतीलाही चीर गेली. तेव्हा विनायकराव तिथंच खाली बसले आणि तोंडात पंचा कोंबून रडले. परीक्षितसाठी जे रडायचं राहिलं होतं, तेही त्यात आलं.

संध्याकाळी मालतीबाईंनी विचारलं, "काय म्हणतंय इंजिन?"

"तुझ्या तेलानं वाचलं गं ते," विनायकराव म्हणाले. "जरा साफसफाई करायचीय, बाकी काही नाही."

बाईंचा सुकलेला चेहरा असा फुलला, की बोललेलं मागं घ्यायची सोय उरली नाही. त्यांनी अपर्णाबाईंना सांगितलं, डायलिसिसच्या नर्सला सांगितलं, वर्ध्याला फोन करून भावजयीला सांगितलं: मी जपलंय हो, माझ्या हातानं. विनायकराव ऐकत आणि मान खाली घालत. हिला कळता कामा नये, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला.

सुटे भाग इंग्लंडहून मागवायचे तर महिने लागणार. तेवढे महिने मालतीबाईंकडे आहेत की नाही, हे डॉक्टरही छातीठोक सांगत नव्हते. विनायकराव जवाहर चौकात बन्ने मियाँच्या गॅरेजवर गेले आणि जुन्या ओमनी व्हॅनचं इंजिन मागितलं. मियाँ कपाळाला हात लावून अस्सल भोपाळी बोलीत म्हणाले, "को खाँ, इस्पोर्ट कार में ओमनी का इंजन? मजाक कर रिये हो?"

"मियाँ, मजाक की उमर गई. इंजन दे दो."

आता हसणारे हसतील. पण ओमनीचं इंजिन या गाडीसारखंच मागची चाकं फिरवतं, म्हणून तिच्या नाकात ते लांबीनं बसवता येतं. इंजिन टेकवायला नवे पाय घडवा, शाफ्ट कापून जोडा, रेडिएटर सरकवा. अख्खा पावसाळा विनायकराव शेडमध्ये होते. मालतीबाई मधूनच दाराशी येत, तेव्हा नाक झपकन बंद. "पूर्ण झाल्यावर बघ," म्हणत. त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. एकच धास्ती होती, आवाजाची. बाईंचे कान अजून तिखट, आणि परीक्षितच्या गाडीची गुरगुर कुठं, ही व्हॅनची खरखर कुठं! मग जुनाच सायलेन्सर बसवला, नळी बदलली, पुन्हा बदलली. आवाज जाड येईपर्यंत त्यांनी स्वतःला स्वस्थता दिली नाही.

खंडेनवमीच्या सकाळी मालतीबाई नवी साडी नेसून, भिंत धरत धरत शेडमध्ये आल्या. विनायकरावांनी किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं. बाई डोळे मिटून ऐकत राहिल्या, आणि विनायकराव श्वास रोखून त्यांच्याकडे बघत राहिले.

"छान वाजतंय," बाई म्हणाल्या. विनायकरावांच्या जिवात जीव आला. "आता बंद करा आणि नाक उघडा. तेल घालायचंय."

"आता कशाला? चालू झाली की!"

"वर्षाचं आहे ते. चुकवायचं नाही."

त्यांच्या हातात वाटी होती, चमचा होता. विनायकरावांनी ते येताना पाहिलंच नव्हतं. सगळं लक्ष त्यांच्या कानांकडे. पूजेला नाही कसं म्हणायचं? त्यांनी नाक उलटलं. इंजिन त्यांनी झेंडूच्या माळांनी झाकून टाकलं होतं. पण मालतीबाईंनी ते डोळ्यांनी कधी ओळखलंच नव्हतं. अंधाऱ्या शेडमध्ये इतकी वर्षं हातानं चाचपून काम केलेलं. त्यांनी माळांखाली हात घातला. पहिला प्लग, दुसरा, तिसरा. हात पुढं गेला, थांबला, मागं आला. पुन्हा पहिल्यापासून.

"अहो, चौथा कुठाय?"

ओमनीच्या इंजिनाला तीनच असतात. बाईंनी बोटांनी पहिल्या प्लगची टोपी उपसली आणि वाटीत चमचा बुडवला, तशी विनायकरावांनी झटकन त्यांचं मनगट धरलं. "नको! त्यात हे तेल नको!"

ओरडणं जरा मोठंच झालं. मालतीबाईंनी चमच्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. बाई काही खुळी नव्हती.

"हे त्याचं इंजिन नाही."

"नाही."

"त्याचं माझ्या तेलानं गेलं."

आवाजासाठी विनायकरावांनी दहा थापा तयार ठेवल्या होत्या. यासाठी एकही नव्हती. "तुझ्या तेलानं नाही, मालती. इतक्या वर्षांत मी एकदा, फक्त एकदा मागं आलो असतो, वाटीत काय आहे विचारलं असतं..."

मालतीबाई शेडमधल्या आपल्या नेहमीच्या पाटावर टेकल्या. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, एखाद्या वर्षी तरी याल तुम्ही मागून. म्हणून दार उघडं ठेवायचे मी."

त्या रडल्या, आणि या वेळी विनायकरावांनी टीव्हीचा आवाज वाढवला नाही. ते शेजारी जमिनीवर बसून राहिले. नंतर बाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, "जुनं कुठं टाकलंत?"

टाकलं नव्हतं. भंगारवाल्याला द्यायचा धीर झाला नव्हता. कोपऱ्यात पोत्याखाली होतं. विनायकरावांनी पोतं काढलं. मग इंजिन ऑइलचा नवा डबा फोडला, प्लग काढून दिले, आणि मालतीबाईंनी नव्या इंजिनात तीन चमचे घातले. वर्षाचा नेम तो. विनायकरावांनी हातानं पंखा फिरवला. उरलेला चौथा चमचा बाईंनी घरच्या तेलाचा भरला आणि फुटक्या इंजिनाच्या चौथ्या भोकात ओतला. त्यावर हळदकुंकू वाहिलं.

"त्याला आता काय व्हायचंय," त्या म्हणाल्या.

मग निळा धूर सोडत, खोकत खोकत, ती लाल गाडी तुलसी नगरला गेली. जुन्या क्वार्टरासमोर दोघं बराच वेळ बसले. मालतीबाईंनी नवऱ्याचा काळा पडलेला हात मांडीवर घेतला होता. परत येईपर्यंत सोडला नाही.

माघात त्या गेल्या.

यंदाच्या खंडेनवमीला विनायकरावांनी पुढच्या खोलीत पाट मांडला नाही. खिळ्यावरची किल्ली काढली, वाटी आणि चमचा घेतला आणि एकटेच मागं गेले. तीन चमचे डब्यातलं तेल नव्या इंजिनात घातलं, पंखा फिरवला. वर्ध्याहून यंदाही जवसाचं तेल आलं होतं. चौथा चमचा त्यांनी त्याचा भरला, जुन्या इंजिनात ओतला आणि मालतीबाईंच्या पाटावर बसले. दाराकडे त्यांची पाठ होती. दार त्यांनी उघडंच ठेवलं होतं.