चाकाजवळची खिडकी

माझ्या आईने आयुष्यात एकदाच विमानप्रवास केला, आणि तो सगळा तिने चाकाची राखण करण्यात घालवला.

भाऊ तेव्हा हैदराबादला नोकरीला होता. वहिनीचे दिवस भरत आले होते आणि बाळाला अचानक घाई झाली. रेल्वेने जायचं तर रात्र मोडणार, म्हणून भावाने आईचं विमानाचं तिकीट काढलं. त्या वर्षांत नांदेडहून हैदराबादला दोन पंख्यांचं एक छोटं विमान जायचं. डिंकाचे लाडू, टोपडी-दुपटी, आणि निघताना वडिलांनी हातावर ठेवलेलं दही-साखर, एवढ्या शिदोरीवर आई एकटी आत जाऊन बसली. जागा खिडकीची होती. वर पंख, आणि खिडकीच्या बरोबर खाली चाक.

विमान उडालं आणि ते चाक दुमडून आत गेलं. आईला वाटलं, निखळून पडलं. तिने तिथल्या मुलीला हाक मारून सांगितलं, "बाई, चाक गेलं की ओ." मुलगी हसली आणि तिने गोळी दिली. आईचं समाधान झालं नाही. गोळी गालात धरून ती हैदराबादपर्यंत त्या रिकाम्या जागेकडे टक लावून बसली. खाली गोदावरी दिसली, तीही तिने ओझरतीच पाहिली. उतरायच्या आधी चाक पुन्हा बाहेर आलं तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

"समदे डुलक्या घेऊन राहिले व्हते," ती आजही सांगते. "लक्ष एकटी मीच ठेवलं. म्हणून उतरलं नीट."

वडील म्हणतात, पायलटचा अर्धा पगार हिला द्यायला पाहिजे होता.

त्या दिवशी मी नांदेडच्या विमानतळाच्या भिंतीबाहेर, ओळखीच्या एका घराच्या गच्चीवर कॅमेरा घेऊन उभी होते. मी रेणापूरच्या शाळेत भूगोल शिकवते, राहते लातूरला, आणि विमानांचे फोटो काढायचं मला वेड आहे. हे वेड कुठून आलं ते सांगता येत नाही. वर आवाज झाला की मान आपोआप वर जाते, आणि हे कुठून आलं, कुठे चाललं, यात किती माणसं असतील, हे कळल्याशिवाय मला घास गोड लागत नाही. आमचे हे म्हणतात, लोक पक्षी बघतात, हिचे पक्षी पत्र्याचे.

तर गच्चीवरून मी आईचं विमान टिपलं. खालून एक हवालदार ओरडला, "मॅडम, कशाचे फोटो काढून राहिल्या?" मी म्हटलं, कबुतरांचे. त्याने वर पाहिलं. कबूतर एकही नव्हतं. त्याने मला गच्चीवरून खाली उतरवलं आणि चांगलं फैलावर घेतलं. तेव्हापासून मी कानाला खडा लावला. वर्दी दिसली की कॅमेरा आधी पदराखाली जातो.

पण फोटो निघाला होता, आणि चांगला निघाला होता. तो चौकट करून नांदेडच्या घरात लावला. आईने पहिल्याच दिवशी विचारलं, "यातल्या कोणत्या खिडकीत मी हाय?" खिडक्या म्हणजे नुसते ठिपके. पण चाक अर्धवट दुमडलेलं दिसत होतं, त्यामुळे त्याच्या वरची खिडकी आईची हे ठरवायला वेळ लागला नाही. तिने कपाळाची टिकली काढून काचेवर त्या जागी लावली. दर दिवाळीला काच पुसली जाते आणि दर दिवाळीला टिकली नवी लागते.

पुढे ते विमान नांदेडला यायचं बंद झालं. आईने हे मनाला लावून घेतलं. कोणी पाहुणा आला की फोटो दाखवायची आणि पाहुणा गेला की मला फोन करायची, "ते विमान आता कुठं हाय गं?" एकदा वडील सहज बोलून गेले की भंगारात गेलं असेल. त्या दिवशी ती जेवली नाही. मला वडिलांचा राग आला आणि आईचाही आला. पण प्रश्न मात्र डोक्यात शिरला तो शिरलाच. एवढं मोठं विमान, ते जातं कुठे?

विमानाच्या शेपटीजवळ इंग्रजी अक्षरं असतात, मोटारीच्या नंबरसारखी. माझ्या फोटोत ती स्पष्ट होती. मात्र विमान परदेशात विकलं गेलं की ही अक्षरं बदलतात. कारखान्याने दिलेला जन्माचा नंबर तेवढा शेवटपर्यंत तोच राहतो. जगात माझ्यासारखी रिकामटेकडी माणसं पुष्कळ आहेत. ती या नंबरांचा माग ठेवतात आणि इंटरनेटवर एकमेकांना कळवतात. त्यांच्यात बसून शोधत शोधत मला आमचं विमान सापडलं. जिवंत होतं. जर्मनीत होतं. नाव बदललं होतं, रंग बदलला होता, आणि कोलोनच्या विमानतळावर सकाळी सकाळी उतरत होतं.

आईला सांगितलं. ती शेजारणीला सांगताना मी फोनवर ऐकलं, "नाव बदललंय त्याचं. आपलं न्हाई का बदललं, सासरी आल्यावर?"

माझी लेक कोलोनपासून जवळच नोकरी करते. मेच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले. नातेवाइकांना सांगितलं, लेकीला भेटायला चालले. आईला खरं कारण माहीत होतं. निघताना तिने एवढंच बजावलं, "माझी खिडकी काढून आण."

पहिल्या दिवशी पहाटेच लेकीने मला गाडीने कुंपणापाशी नेलं. मला वाटलं होतं मी एकटीच असेन. तिथे जत्रा नव्हती, पण चार-सहा मंडळी होती, आणि प्रत्येकाजवळ घडीची शिडी. कुंपण उंच, म्हणून शिडीवर चढून वरून फोटो काढायचा. ही सोय आपल्याला नांदेडला कधी सुचली नाही. सुचली असती तर हवालदाराने शिडीसकट नेलं असतं.

तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. चोराच्या मनात चांदणं. मी कॅमेरा झटकन ओढणीखाली घेतला, तिथून धपाट्यांच्या पिशवीत कोंबला, आणि वर डबा धरून उभी राहिले. गाडी थेट माझ्यासमोर थांबली. पोलीस काच खाली करून काही बोलला. मला एक अक्षर कळलं नाही. घाबरून मी डब्याचं झाकण उघडलं आणि धपाटं पुढे केलं. त्याने ते घेतलं. मग लेक धावत आली, दोघांचं बोलणं झालं, आणि ती पोट धरून हसायला लागली. आमच्या मोटारीचा दिवा चालू राहिला होता, तेवढंच त्याला सांगायचं होतं.

"आई, कॅमेरा काढ बाहेर. तेल लागेल त्याला," लेक म्हणाली.

शिडीवरचा एक म्हातारा हे सगळं बघत होता. तो खाली उतरला आणि खुणेने म्हणाला, चढा. त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच मोडकं, त्यामुळे आमचं छान जमलं. कोणतं विमान हवं ते मी सांगितलं. त्याने मान डोलावली. सुट्टीचे दिवस सोडून रोज येतं, म्हणाला.

आलंच. आभाळ भरलेलं होतं. पंख्यांची तीच घरघर ऐकली आणि माझ्या अंगावर काटा आला. फोटो काढले. पण पडद्यावर पाहिलं तर विमान एका बाजूने नुसतं पांढरं, सारवलेल्या भिंतीसारखं. मी डोळे चोळले, फोटो मोठा करून पाहिला. खिडक्याच नव्हत्या.

म्हाताऱ्याने समजावलं. हे आता माणसं नेत नाही, पार्सलं नेतं. खिडक्या पत्रा लावून बुजवल्या आणि वर रंग दिला. ऊन तिरपं पडलं तर चौकटी पुसटशा दिसतात. आज ऊन नाही.

मी तो फोटो आईला पाठवला. लगेच फोन. "खिडक्या कुठं हायेत?"

"ढगाळ आहे गं इकडं," मी म्हटलं. साता समुद्रापलीकडे येऊन तिची खिडकीच नाही असं कसं सांगायचं?

मग रोज पहाटे कुंपण. कधी पाऊस, कधी धुकं, शनिवार-रविवारी विमानच नाही. लेक वैतागली. "आई, इथे जगभरची विमानं येतात आणि तुला रोज तेच?" तिचं चूक नव्हतं. मोठमोठी विमानं डोक्यावरून जात होती, एरवी मी त्यांच्यासाठी वेडी झाले असते. आता त्यांचा नुसता अडथळा वाटत होता. म्हातारा मात्र रोज काही न विचारता शिडी मांडून ठेवायचा आणि एक धपाटं खायचा.

निघायच्या आदल्या सकाळी ऊन पडलं. लांबट, पिवळं, शेतावर आडवं पडणारं ऊन. विमान दूरवर दिसलं तेव्हा चाकं आतच होती, आणि मला आईसारखीच धास्ती वाटली, हे लपवण्यात अर्थ नाही. मग ती बाहेर आली. आधी एक की दोन्ही एकदम, ते कळलं नाही, पण आली. विमान समोरून गेलं, मी बोट दाबून धरलं. फोटोत चाकाच्या बरोबर वर, पांढऱ्या रंगाखाली, गोल कोपऱ्यांची एक चौकट उमटली होती. पापड लाटून पुसलेल्या पोळपाटावर राहतो तेवढाच माग.

तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. नांदेडला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. आईला सगळं सांगून टाकलं, पार्सलं, पत्रा, रंग, काही ठेवलं नाही. रडेल असं वाटलं. रडली नाही.

"म्हंजे आत कुणीच न्हाई?"

"चालवणारे आहेत, पुढं."

"त्यांना चाक दिसतं का?"

"नाही दिसत. दिवा लागतो त्यांना, चाक आलं की."

"मग चाकाकडं बघतं कोण?"

मी म्हटलं, "आज मी बघितलं." तिने मान हलवली, पण तिचं समाधान झालं नव्हतं, हे मला कळत होतं.

लातूरला आल्यावर फोटो मोठा छापून घेतला आणि नांदेडला नेला. आईने तो खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरपा धरला. चाकावर बोट ठेवलं, तिथून बोट वर सरकवत नेलं, आणि त्या बुजवलेल्या चौकटीवर थांबवलं. मग कपाळाची टिकली काढली आणि तिथे दाबून लावली.

"आता उतरू दे त्याला," ती म्हणाली. "मी हाय."