सुखदेवभाऊच्या जीपची पुढची सीट

जुनी गाडी सुरू करायला बसलं की लागतो तो पार्ट अख्ख्या अकोल्यात मिळत नाही, आणि न मागितलेले किस्से मात्र दर रविवारी फुकट मिळतात! आमच्याकडे इतके साचले, की कोणाला तरी सांगितल्याशिवाय माझं पोट काही हलकं व्हायचं नाही.

तर मंडळी अशी. सुखदेवभाऊ, म्हणजे जीपचे मालक. जन्मभर त्यांनी अकोला-दर्यापूर सवाऱ्या वाहिल्या. मग गुडघे गेले आणि जीप जठारपेठेत घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये गेली, ती तिथंच राहिली. दुसरे अजीज मिस्त्री, भाऊंचे स्टँडवरचे जुने दोस्त. तिसरे शेजारचे जोशी वकील. आणि चौथा मी, रिटायर मास्तर. कामाला कमी, चहाला जास्त!

वर्षानुवर्षं उभं राहून इंजन पार जाम झालेलं. आम्हाला काही घाई नव्हती. घाई लावली शांतावहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोनं.

"पोळा झाला का भंगारवाला येऊन राहिला," वहिनींनी चहासोबतच सांगून टाकलं. "मले शेड रिकामी पाह्यजे."

"अन् त्याच्या आधी सुरू झाली तर?" भाऊ म्हणाले.

"तर मले पुढच्या सीटवर बसवून दर्यापूरले न्या. जीप घरची, माहेर माह्यं, अन् जन्मभर मी गेली एस.टी.नं!"

"पुढची सीट सवारीची असते वो."

"मंग? आता मी सवारी!"

सवारी जीपमध्ये पुढं ड्रायव्हरला खेटून तीन माणसं कोंबायची, हा धंद्याचा नियमच. घरचं माणूस बसलं की एक भाडं गेलं. म्हणून वहिनींच्या नशिबी कायम एस.टी.

*

पहिल्या रविवारी मिस्त्रींनी एअर फिल्टर उघडला. आत उंदरांचं बिऱ्हाड! कापूस, सुतळी, कागदाचे तुकडे, आणि मधोमध पांढऱ्या कापडाच्या दोन पट्ट्या. वकीलसाहेब वाकून पाहायला गेले आणि लालबुंद झाले. कोर्टात गळ्याला बांधायचे त्यांचेच बँड होते ते! ते हरवले म्हणून बिचाऱ्या धोब्याला त्यांनी भर रस्त्यात झापलं होतं.

मिस्त्री शांतपणे म्हणाले, "वकीलसाब, मुद्देमाल मिल गया. आरोपी फरार है!"

वकील त्याच दिवशी पेढे घेऊन धोब्याकडे गेले. धोबी म्हणाला, "पेढे राहू द्या साहेब. हे आधी तुमच्या घरच्या बाईले सांगा. त्या मले अजून शिव्या देऊन राहिल्या!"

*

मग आला पिस्टनचा नंबर. मिस्त्रींनी वरचे नोजल काढले, प्रत्येक भोकात थोडं थोडं ऑइल सोडलं आणि बजावलं, "दवा पिलाई है. अब आठ दिन कोई हात नहीं लगाएगा."

हात कोणीच लावला नाही. फक्त भाऊंनी सकाळी जाता जाता थोडं ऑइल टाकलं. वकिलांनी संध्याकाळी टाकलं. मी पण टाकलं, खोटं कशाला बोलू? आजारी माणसाला भेटायला रिकाम्या हातानं कसं जायचं!

पुढच्या रविवारी मिस्त्रींनी मोठा पाना लावून जोर दिला आणि इंजन फिरलं! आम्ही टाळ्या वाजवल्या. "आता बॅटरी लावून फिरवून पाहू," मिस्त्री म्हणाले. मी कौतुकानं भोकात डोकावलो, आणि भाऊंनी चावी मारली.

वहिनी बाहेर आल्या. भोकातून उडालेल्या ऑइलनं डोक्यापासून पायापर्यंत काळा झालेला मी त्यांच्यासमोर उभा. त्या भाऊंना म्हणाल्या, "गाडी तं होईन सुरू. पण मास्तरले कोणत्या साबणानं धुता?"

*

बॅटरी लागली म्हणून हॉर्न वाजला, आणि आमच्या आनंदाला पारावार राहिला नाही. भाऊंनी तो इतका वाजवला, की गल्लीतले म्हातारे बापूराव हातात पिशवी घेऊन हजर!

"दर्यापूर का?"

"हाव, बसा, निघतेच!" भाऊंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

बापूराव बसले. चाकं विटांवर होती, इंजन उघडं होतं, तरी बसले! दिवेलागणीला त्यांची सून शोधत आली तेव्हा म्हणाले, "थांब वो, निघूनच राहिली."

वहिनी म्हणाल्या, "ह्यायच्या 'निघतेच'वर मी अख्खा संसार काढला. बापूरावचं काय घेऊन बसले!"

*

पोळा आला तरी गाडी सुरू होईना. डिझेलची टाकी धुतली, ब्रेक नवे केले, चाकं विटांवरून खाली उतरवली, पण इंजन नुसतं खोकायचं आणि बसायचं. भाऊंचा चेहरा उतरला. मला म्हणाले, "मास्तर, जीप गेली तं जाऊ द्या. पण तुमच्या वहिनीले वाटन का मी मुद्दामच सुरू नाही केली. जन्मभर एक सीट नाही देली मी तिले."

पोळा झाला आणि भंगारवाला खरंच आला. मिस्त्री म्हणाले, "एकच धक्का. शेवटचा." आम्ही तिघं म्हातारे मागं लागलो. जीप हलेना. आमची दशा पाहून भंगारवाल्यानं तराजू खाली ठेवला आणि लावला खांदा! जीप गल्लीत आली, उतार लागला, भाऊंनी गिअर टाकला... आणि भडाम्! काळाकुट्ट धूर! डासांची फवारणी आली म्हणून शेजारणींनी धडाधड खिडक्या लावल्या. धुरात इंजन धडधडत होतं.

भंगारवाला म्हणाला, "बाप्पा! माह्या धंद्यावर मीच पाय देला!"

वहिनी आत गेल्या आणि नवं लुगडं नेसून आल्या. गल्लीभर माणसं उभी. भाऊंनी आतून पुढचं दार उघडलं. वहिनी पुढच्या सीटवर बसल्या, खिडकीपाशी, पिशवी मांडीवर घेऊन. मिस्त्री उगाच चष्मा पुसत होते.

भाऊंनी क्लच दाबला, आरशात पाहिलं आणि समोर बघतच म्हणाले,

"बाई, जरा इकडं सरकून बसा. अजून एक सवारी बसते."

गल्ली हसून हसून लोळली. भाऊंनी जीभ चावली. वहिनी मात्र हसल्या नाहीत. पदर सावरून मुकाट्यानं सरकल्या, भाऊंना खेटून.

खिडकीपाशी एक जागा रिकामी झाली. ती पार दर्यापूरपर्यंत रिकामीच गेली.