एक जूनची पोरगी

एटापल्लीहून चंद्रपूरला निघालेल्या एस.टी.त माझं बूड काही टिकत नव्हतं. शेजारी आमच्या आश्रमशाळेतली दहावीची पोरगी. डाव्या पायाची, फुटबॉलमध्ये अशी की पोरंही तिला टरकून असतात. चंद्रपूरला पंधरा वर्षांखालच्या मुलींची निवड होती. नाव लागलं तर क्रीडा वसतिगृह, बरं मैदान, शिकवणारा माणूस. नाही लागलं तर संपलं. पुढच्या वर्षी तिला तिथं कोणी उभंही करणार नव्हतं.

अन् कागदावर तिला पंधरा होऊन चार महिने झाले होते. कागद माझ्याच हातचा. पहिलीत आली तेव्हा तिचा एकही दुधाचा दात पडला नव्हता, फार तर पाच वर्षांची असेल. पण वर्गाचा पट भरत नव्हता, मुख्याध्यापक डोक्यावर बसलेले. मी सहा पूर्ण दाखवून जन्मतारीख एक जून टाकली. त्या वर्गातली अर्धी पोरं माझ्या पेनानं एक जूनलाच जन्मली. तेव्हा आम्ही मास्तर लोक यावर हसायचो. आता ती तारीख बदलायला सगळ्या कचेऱ्या पालथ्या घातल्या, कोणी दाद देईना. केलं मी, भरणार ती.

"सर, गुमान बसा ना. तुमचीच निवड होऊन राह्यली का?" ती म्हणाली.

गप्प बसवेना म्हणून मोबाइलवर वाचलेली स्कॉटलंडच्या एका फुटबॉलपटूची गोष्ट तिला सांगू लागलो. खाणमजुराचा पोरगा, हिच्यासारखाच डाव्या पायाचा. ऐन उमेदीत मोठ्या संघात आला आणि महायुद्ध लागलं. स्पर्धा बंद. मग फौजेत जिथं छावणी पडेल तिथल्या संघाकडून पाहुणा म्हणून खेळायचा, कधी दुसऱ्याचे बूट घालून. ढिगानं गोल केले. पण युद्धातले सामने अधिकृत नाहीत, म्हणून त्यातला एकही त्याच्या नावावर नाही. सहा वर्षं गेली. परत आला तेव्हा तिशीला टेकला होता. दोन हंगाम खेळला आणि संघानं त्याला मोकळं केलं.

"गोल तर झाले ना? मंग मोजले काऊन नाई?"

"नियम, पोरी."

"नियम करनाऱ्याले खेळता येत होतं का?"

त्या खेळाडूची वर्षं लढाईनं खाल्ली. हिचं एक वर्ष मी खाल्लं, पंख्याखाली बसून! स्वतःचीच अशी चीड आली की आष्टीच्या थांब्यावर घेतलेला चहा तसाच ओतून दिला.

आधी खेळवतील, कागद मागाहून पाहतील, अशी माझी आशा. झालं उलटंच. चंद्रपूरला नोंदणीच्या टेबलावरच्या बाईंनी पहिल्यांदा शाळेचा दाखलाच मागितला. "हिचं वय उलटलंय, सर." मी हात जोडले, आवाज चढवला, पुन्हा हात जोडले. बाई भल्या होत्या, पण कागदापुढं त्या तरी काय करणार?

पोरगी बूट घालून तयार होती. दाखला तिनं हातात घेतला, तारखेवर बोट ठेवून वाचला. "सर, आमच्या वर्गातल्या इतक्या जनांची हेच तारीख कशी?"

आता लपवायचं काय? सांगून टाकलं. "मी टाकली. तुझं वय एका वर्षानं वाढवून. चुकलो मी, पोरी."

भडकली असती तर बरं झालं असतं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि बूट काढू लागली. एक निघाला, दुसऱ्याची नाडी सुटेना.

"मंग मी खरी कधी जन्मली?"

शाळेत नाव घालायच्या दिवशी तिची माय माझ्या टेबलापुढं उभी होती. मी तिला विचारलंच नव्हतं.